बेटावर एकही मांजर नाही

ठराव एकमताने मंजूर झाल्याच्या आनंदात अध्यक्ष घरी आले, दारात चपला काढल्या, आणि मागे सरकताना त्यांचा पाय बाईसाहेबांच्या शेपटीवर पडला. बाईसाहेब अशा काही किंचाळल्या, की अध्यक्षांच्या काळजात चर्र झालं. शेपटीची काळजी नव्हती. आपल्याही घरात एक मांजर आहे, हे त्यांना तेव्हा कुठे आठवलं होतं.

तसं ते विसरले होते असंही नाही. पण घरातलं मांजर आणि ठरावातलं मांजर ही त्यांच्या डोक्यात दोन वेगळ्या कप्प्यांत होती. बंदराच्या कचेरीत हेडक्लार्क म्हणून उभी हयात काढलेल्या माणसाच्या डोक्यात कप्पे फार असतात, आणि या कप्प्यातला कागद त्या कप्प्यात जाऊ नये यासाठीच त्याला पगार मिळालेला असतो.

बेटाच्या दक्षिण टोकाला वाळूचा एक लांबट पट्टा होता. तिथे दरवर्षी सुरय पक्षी अंडी घालायला येत. पांढरेशुभ्र, डोक्यावर काळी टोपी, आणि सदैव कुणाशी तरी भांडण उकरून काढल्याचा आवाज. घरटं बांधायची दगदग त्यांना नको असे; अंडी सरळ उघड्या वाळूत. त्यातून पिल्लं निघत आणि बेटावरची मांजरं ती पिल्लं खात. हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं आणि कुणाच्याही पोटात दुखत नव्हतं. मग अध्यक्ष निवृत्त झाले. कचेरीत त्यांचं ऐकायला चार कारकून होते. घरी एक बायको, आणि तीही अर्धं ऐके. निवृत्त माणसाला निवृत्तिवेतनापेक्षा श्रोते जास्त लागतात. एके दिवशी वाळूत अर्धवट खाल्लेलं पिल्लू त्यांच्या पायाशी आलं, आणि त्यातून ‘बेट बचाव समिती’ उभी राहिली.

पलीकडच्या किनाऱ्यावरच्या एका संस्थेच्या पक्षीवाल्या मॅडम मदतीला आल्या. पिल्लं वाचवायची तर बेटावर मांजर नको, असं त्यांनी सांगितलं. सगळी मांजरं लाँचने पलीकडे न्यायची, तिथल्या प्राण्यांच्या आश्रमात ठेवायची. ठराव तयार झाला. सभेत धक्क्यावरच्या चहावाल्या मावशी तेवढ्या उठून उभ्या राहिल्या.

“अध्यक्ष, माझी मांजर म्हातारी झालीय. तोंडात एक दात नाही. ती पक्षी कसला खाणार? बिस्किटसुद्धा चहात बुडवून द्यावं लागतं. तिला तेवढी सोडा.”

“मावशी,” अध्यक्ष हात उंचावून म्हणाले, “निसर्गाच्या दरबारात वशिला चालत नाही!”

टाळ्या कडाडल्या. अध्यक्षांना आयुष्यात एवढ्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या. मागच्या बाकावरून लाँचचा तांडेल ओरडला, “मग सुरुवात तुमच्या घरापासून होऊ दे!” पुन्हा टाळ्या. अध्यक्षांनी मान डोलावली. टाळ्या चालू असताना माणसाची मान त्याच्या ताब्यात नसते.

आता ती मान खाली घालून ते स्वयंपाकघरात गेले.

“झाली का सभा?” बायकोने विचारलं.

“झाली. ठराव मंजूर.”

“बरं झालं. हात धुवा.”

“अगं, त्यात असं आहे... सगळी मांजरं पलीकडे पाठवायची.”

“पाठवा की.”

“सगळी म्हणजे... सगळी.”

बायकोने डाव खाली ठेवला. बाईसाहेब तिच्या पायाशी येऊन दुखरी शेपटी चाटत बसल्या होत्या. पांढऱ्या, गुबगुबीत, शेपटीचं टोक तेवढं शाईत बुडवल्यासारखं काळं.

“ही मांजर नाहीये,” बायको म्हणाली.

“मग कोण आहे?”

“या घरात मी काही बोलले की मान वर करून माझ्याकडे बघणारी एकटी.”

“अगं, पण मी भर सभेत...”

“हिला पाठवणार असाल, तर माझंही तिकीट काढा.”

अध्यक्षांनी क्षणभर त्याही बाजूने विचार केला. मग समोरच्या वाफाळत्या पातेल्याकडे पाहिलं, आणि विचार सोडून दिला.

एवढी वर्षं कचेरीत घालवलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. मूळ प्रत जपायची असते, पुढे पाठवायची ती नक्कल. दुसऱ्या दिवशी उजाडताच अध्यक्ष उशीचा अभ्रा आणि सुकी मासळी घेऊन बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याकडे गेले. तिथे भटकी मांजरं असत. आणि दैव असं उदार, की मोडक्या दारामागेच एक मांजर बसलेलं दिसलं. पांढरं. शेपटीचं टोक काळं. अध्यक्षांनी मासळी पुढे केली. मांजराने ती हुंगली, नाक मुरडलं, आणि आपण होऊन अभ्र्यात शिरून गुरगुरत बसलं.

भटकं मांजर मासळीला नाक मुरडत नाही आणि अनोळखी माणसाच्या अभ्र्यात गुरगुरत नाही, एवढं खरं तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. पण फुकट मिळालेल्या वस्तूची चौकशी करू नये, हेही अध्यक्ष कचेरीतच शिकले होते.

लाँचच्या धक्क्यावर निरोपाचा कार्यक्रम झाला. अध्यक्षांनी पिंजरा छातीशी धरून भाषण केलं. “ही माझ्या लेकीसारखी,” असं म्हणताना त्यांचा आवाज कापला. वारा खारा होता, त्यामुळे डोळ्यांत पाणीही आलं. पक्षीवाल्या मॅडमनी फोटो काढला. तिसऱ्या दिवशी तो पलीकडच्या वर्तमानपत्रात छापून आला: डोळे पुसणारे अध्यक्ष आणि पिंजऱ्यात जांभई देणारं मांजर. वर मथळा होता, ‘आधी केले, मग सांगितले’.

त्यानंतर बेटावर त्यागाची साथच आली. रोज कुणी ना कुणी पिंजरा घेऊन धक्क्यावर येई, डोळे पुसे, ‘माझं बाळ ते’ म्हणे, आणि ते बाळ दातओठ खाऊन त्याच्यावर झेपावे. न्हाव्याने तर आपलं ‘लाडकं’ मांजर मासेमारीच्या जाळ्यात गुंडाळून आणलं होतं. अध्यक्षांना भरून आलं. लोक किती बदलतात, असं त्यांना वाटलं.

घरी मात्र खिडक्या बंद झाल्या. बाईसाहेबांना बाहेर जायची सवय; त्यांनी पडदे फाडले, दार ओरबाडलं, आणि अडवायला गेलेल्या अध्यक्षांचे दोन्ही हात कोपरापर्यंत सोलून काढले. भर उकाड्यात अध्यक्ष पूर्ण बाह्यांचा सदरा घालून हिंडू लागले.

एके दुपारी चहावाल्या मावशी दारात उभ्या राहिल्या. हातात वर्तमानपत्राचा तुकडा.

“अध्यक्ष, हा फोटो बघा.”

“पाहिलाय,” अध्यक्ष नम्रपणे हसले. “आपलं कर्तव्य केलं, दुसरं काय.”

“तुमचं थोबाड नका बघू. मांजर बघा. जांभई देतेय. तोंडात दात दिसतोय एक तरी?”

अध्यक्षांनी चष्मा लावला. फोटोतल्या मांजराचं तोंड चांगलं उघडलेलं होतं, आणि आत तान्ह्या बाळाच्या हिरड्यांसारखं सगळं गुळगुळीत होतं. अध्यक्षांच्या पायाखालची वाळू सरकली. बेटावर ती तशीही घट्ट नसते.

“ती माझी म्हातारी,” मावशी म्हणाल्या. “तुमच्या ठरावाच्या भीतीने बर्फाच्या कारखान्यात लपवली होती. सकाळ-संध्याकाळ चहा-बिस्किट घेऊन जात होते मी. आणि तुम्ही तिला उचलून माझ्याच दुकानासमोर तिच्या नावाने रडलात!”

“मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?”

“दुकानात गर्दी होती तुमच्यामुळे, मला मान वर करायला फुरसत नव्हती. हा कागद काल बिस्किटं बांधायला घेतला तेव्हा बघितला. आणि बोलून सांगू काय? लपवणारी मी, चोर तुम्ही. दोघांचंही तोंड शिवलेलं.”

अध्यक्षांनी लगबगीने आश्रमात फोन लावला. पलीकडून आनंदाने उत्तर आलं: ते फोटोतलं मांजर ना? ते फोटो छापून आला त्याच दिवशी गेलं. एक निवृत्त न्यायाधीश स्वतः येऊन घेऊन गेले. त्यागाचं प्रतीक म्हणून दिवाणखान्यात ठेवलंय म्हणे.

“न्यायाधीश परत देणार नाहीत,” अध्यक्ष फोन ठेवत पुटपुटले.

तेवढ्यात आतून आवाज आला, “म्याँव.”

मावशींनी कान टवकारले. “आत कोण आहे?”

“बायको.”

“बायको म्याँव म्हणते?”

“घसा बसलाय तिचा.”

मावशी अध्यक्षांना बाजूला सारून आत गेल्या. स्वयंपाकघरात बाईसाहेब बंद खिडकीच्या कट्ट्यावर बसून काचेतून बाहेर बघत होत्या. शेजारी बायको उभी होती आणि तीही बाहेरच बघत होती.

“ही मला द्या,” मावशी अध्यक्षांकडे वळून म्हणाल्या. “माझी घालवलीत, ही मी नेणार. नाहीतर येत्या सभेत मीही भाषण करते. मला टाळ्या नकोत, नुसते लोक पुरे.”

अध्यक्षांनी बायकोकडे पाहिलं. आता ही आकाशपाताळ एक करणार, मावशींना हाकलून देणार, आणि आपण मधल्यामध्ये सुटणार, असा त्यांचा हिशेब होता. पण बायको त्यांच्याकडे बघत होती. वाट बघितल्यासारखी. अध्यक्षांनी घसा खाकरला.

“अगं, म्हणजे... समितीच्या इभ्रतीचा प्रश्न आहे.”

“हो ना,” बायको म्हणाली. मग तिने टोपली काढली, तिच्यात आपली जुनी साडी घातली आणि बाईसाहेबांना उचलून आत ठेवलं. “मावशी, हिला दुधात पाणी घातलेलं चालत नाही. आणि तुमच्याकडे मागच्या खोलीला झरोका आहे ना?”

“आहे. समुद्र दिसतो.”

“मग बरं आहे. इथे हिला आभाळसुद्धा दिसत नव्हतं. मी रोज येईन भेटायला.”

त्या दिवशी संध्याकाळी अध्यक्षांनी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. छान वारा आला. बायको काही बोलली नाही, हेही त्यांना छानच वाटलं.

बायको रोज दुपारी मावशींकडे जाऊ लागली. आधी ती चहाच्या वेळेपर्यंत परत येई. मग दिवेलागणीला येऊ लागली. मग अध्यक्षांना ओट्यावर झाकलेलं पातेलं दिसू लागलं, आणि पातेल्यात थंड भात.

“आज फार उशीर झाला,” ते एकदा म्हणाले.

“बाईसाहेब मांडीवर झोपल्या होत्या. उठवणार कशी?”

“आणि मी इथे उपाशी बसलोय त्याचं काय?”

“तुमच्यासाठी जन्मभर उठतच आले,” बायको चपला काढत म्हणाली. “आता कुणासाठी तरी बसून बघते.”

यावर चांगलं उत्तर असणार, असं अध्यक्षांना वाटलं. पण दुसऱ्या दिवशी समितीचा सत्कार होता, त्याच्या भाषणात ते गुंतले होते.

सत्कार शाळेच्या सभागृहात झाला. सुरयांची पिल्लं यंदा भरभरून जगली होती. पक्षीवाल्या मॅडमचा आनंद गगनात मावेना. “आज या बेटावर एकही मांजर नाही!” त्या म्हणाल्या, आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं. हातात ढाल घेऊन अध्यक्षांनी समोर पाहिलं. घामाच्या धारा लागल्या होत्या, पंखे बंद पडले होते, तरी झाडून सगळं बेट पूर्ण बाह्यांचे कपडे घालून बसलं होतं. न्हावी, तांडेल, पोस्टमास्तर, सगळे. टाळ्या वाजवताना न्हाव्याची बाही सरकली. मनगटापासून वर लाल ओरखड्यांची नुसती रांगोळी.

“इथे इतकी थंडी वाजते का हो लोकांना?” मॅडमनी हळूच विचारलं.

“डास,” अध्यक्ष म्हणाले.

त्यांना सगळं लख्ख कळलं. बेटावरची झाडून सगळी पाळीव मांजरं घराघरांत कोंडलेली होती. पलीकडे गेली ती भटकी, मुकी, कुणीच वाली नसलेली. कोंडलेली मांजरं पिल्लं खाऊ शकत नव्हती, म्हणून पक्षी वाढले होते. म्हणजे मोहीम यशस्वी झाली होती ती लोकांनी तिला फसवल्यामुळे. असं यश नाकारायला मोठं मन लागतं. अध्यक्षांनी ढाल घट्ट धरली आणि भाषण सुरू केलं. बायकोसाठी पहिल्या रांगेत राखलेली खुर्ची रिकामी होती. मावशींचीही.

पुढच्या हंगामात सुरय आले ते आभाळ झाकून. वाळूचा पट्टा दोन दिवसांत भरला. जागा न मिळालेले पक्षी इकडेतिकडे फिरू लागले आणि त्यांना पट्ट्याला लागून असलेलं पहिलंच घर दिसलं. गच्चीवर खडी पसरलेली, अंगण वाळूचं, आणि मांजराचा वाससुद्धा नाही. ते घर अध्यक्षांचं होतं.

पहिलं अंडं दाराच्या पायरीशी सापडलं, त्या दिवशी बायकोने पिशवी भरली.

“मी मावशींकडे राहते. पिल्लं उडेपर्यंत.”

“आणि मी?”

“तुम्ही अध्यक्ष आहात,” ती म्हणाली, आणि अंड्याला वळसा घालून निघून गेली.

अध्यक्ष राहिले. सुरय हा पक्षी पुस्तकात शांत असतो. आपल्या अंड्याजवळ आलेल्या माणसावर तो वरून सूर मारतो, टाळूवर चोच हाणतो, आणि जाताना अंगावर शिंतोडे टाकून जातो. अध्यक्ष आठवडाभर छत्री उघडून पाणी भरायला गेले, छत्री उघडून कपडे वाळत घातले आणि ते पुन्हा धुतले. पहाटेपासून डोक्यावर अखंड किलकिलाट. एका रात्रीपुरताही डोळ्याला डोळा लागला नाही. शेवटी त्यांनी पक्षीवाल्या मॅडमना बोलावलं.

मॅडम अंगणात पाऊल टाकताच हरखून गेल्या. “अय्या! एवढी अंडी! अध्यक्ष, पक्ष्यांनीच तुमचा सत्कार केलाय!”

“मॅडम, मी काय म्हणतो,” अध्यक्ष छत्रीखालून म्हणाले, “त्यांना जरा तिकडे हलवता नाही का येणार?”

“छे! एक अंडंसुद्धा हलवायचं नाही. उलट माणसाची जाग असली तर हे अंडी सोडून जातील.” त्यांनी पिशवीतून दोरी आणि लाल कापडाच्या पट्ट्या काढल्या. “मी कुंपण घालून घेते. तुम्ही पिल्लं उडेपर्यंत दुसरीकडे सोय बघा. दुसऱ्या कुणाला हे सांगताना जीभ रेटली नसती माझी, पण तुम्हाला काय समजवायचं?”

“एखादं मांजर असतं तर ही वेळ आली नसती,” अध्यक्षांच्या तोंडून निघून गेलं.

मॅडम खळखळून हसल्या. “तुमच्या तोंडी हे! किती गोड विनोद करता हो तुम्ही!”

अध्यक्षांनी दोन सदरे, चष्म्याचं घर आणि दाताचा ब्रश पिशवीत भरला आणि छत्री धरून बाहेर पडले. मागे मॅडम त्यांच्याच दाराला आडवी दोरी बांधत होत्या. रस्त्यात न्हाव्याने विचारलं, “कुठे निघालात?” ते म्हणाले, “पाहणीला.” पोस्टमास्तरांच्या घरी जाऊन पाहिलं. पोस्टमास्तर दार बोटभर उघडून म्हणाले, “राहा की, पण... घरात आजारपण आहे.” आतून आजारपण खसाखसा जमीन ओरबाडत होतं. आणखी तीन घरी तेच झालं. अध्यक्षांना घरात घ्यायचं म्हणजे मांजराला कुठे ठेवायचं, हा प्रत्येकाचाच प्रश्न होता.

सरतेशेवटी ते धक्क्यावर आले. मावशी गाळणीतून चहा ओतत होत्या.

“या अध्यक्ष. चहा देऊ?”

“चहा नको. म्हटलं, चार दिवस... मागे जरा...”

“मला काय विचारता? मागे विचारा. ती म्हणेल तसं.”

मागच्या खोलीत दोन खाटा होत्या. एकीवर कांदे-बटाट्यांची पोती, दुसरीवर बायको मटार सोलत बसली होती. तिच्या चेहऱ्यावर एक तजेला आला होता. हा आपण पूर्वी कधी पाहिला होता, हे अध्यक्षांना आठवेना. झरोक्यातून समुद्रावरचं ऊन आत आलं होतं, ते बरोबर खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर पडलं होतं, आणि त्या उन्हात बाईसाहेब पोट वर करून झोपल्या होत्या.

“आलात?” बायको म्हणाली.

“आलो.”

तिने आणखी एक शेंग फोडली. अध्यक्ष पिशवी घेऊन उभे राहिले. पाय भरून आले होते, टाळू ठणकत होती.

“हिला जरा उठव की,” ते म्हणाले. “मला टेकू दे.”

“अहो, हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय तिचा.”

“मग मी बसू कुठे?”

बायकोने खोलीभर नजर फिरवली. मनापासून शोधलं तिने, असं अध्यक्षांना वाटलं. मग ती पुन्हा शेंगांकडे वळली. “उठेल थोड्या वेळाने. संध्याकाळपर्यंत उठतेच.”

“अध्यक्ष!” बाहेरून मावशींचा आवाज आला. “लाँच लागतेय, माणसं येतील. आधी ते दार लावून घ्या. बेटावर एकही मांजर नाही, माहितीये ना?”

अध्यक्षांनी मुकाट्याने दार लावलं, आणि ते कुणी उघडू नये म्हणून त्याला पाठ टेकून उभे राहिले.